एकच खातं, सगळ्यांच्या फायली

घरात सगळ्यांचं मिळून एकच गूगल खातं असेल, तर पासवर्ड ठाऊक असलेल्या प्रत्येकाला ड्राइव्हमधलं सगळं दिसतं. फोल्डरला ‘खाजगी’ नाव दिलं तरी. वेगवेगळी खाती काढणं उत्तम. गूगल वन या साठवण-योजनेची जागा आणखी 5 जणांत वाटता येते, फायली मात्र ज्याच्या त्याच्याच राहतात.

ते जमत नसेल, तर फाइल चढवण्याआधीच कुलूपबंद करावी. क्रिप्टोमेटर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर फाइल, अगदी तिचं नावसुद्धा, एईएस-256 पद्धतीनं सांकेतिक करतं. फायली साधारण केवढ्या, कधी बदलल्या, हे मात्र लपत नाही. शिवाय उघडता आली नाही तरी फाइल कुणालाही पुसता येतेच, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर हवी. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. त्याच गूगल ड्राइव्हवर नव्हे!