रायगडच्या किनाऱ्यावरील प्रकाश आणि मानवी नेत्र

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. परावर्तन, अपवर्तन, विकिरण आणि शोषण या प्रकाशाच्या चारही मूलभूत क्रिया येथे कोणत्याही उपकरणाविना पाहता येतात. मात्र दृश्य सिद्ध होते ते नेत्रात. म्हणून प्रकाश आणि नेत्र या दोहोंचा विचार एकत्रच करणे योग्य ठरते.

प्रथम समुद्राचा रंग घेऊ. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे केवळ प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. 1921 मध्ये युरोपहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ध्रुवीकारक लोलकातून समुद्र पाहिला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश लोलकाने अडवला, तरी निळाई कायम राहिली. यासंबंधीचे त्यांचे पत्र 26 सप्टेंबर 1921 रोजी, ‘नारकुंडा’ ही बोट मुंबई बंदरात असताना लिहिलेले आहे. याच बंदराच्या मुखाशी, दक्षिणेच्या अंगाला रायगडचे मांडवा आहे. पाण्याचे रेणू तांबडा प्रकाश अधिक शोषतात आणि निळ्याचे विकिरण अधिक करतात, हे निळाईचे कारण होय. रामन यांच्या या संशोधनमालेतूनच 28 फेब्रुवारी 1928 रोजी ‘रामन परिणाम’ सिद्ध झाला आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

असे असूनही अलिबाग वा रेवदंड्याचे पाणी बहुधा मातकट दिसते. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि सावित्री या खाड्यांचा गाळ भरती-ओहोटीमुळे सतत ढवळला जातो. गाळाचे कण रेणूंपेक्षा फार मोठे असल्याने ते सर्व रंगांचे जवळजवळ सारखेच विकिरण करतात, शिवाय निळा प्रकाश काही अंशी शोषूनही घेतात. किनाऱ्यापासून दूर गाळ विरळ होतो, तसे पाणी प्रथम हिरवट व नंतर निळे होत जाते.

सूर्यास्ताचे सौंदर्य विकिरण आणि अपवर्तन या दोन क्रियांवर उभे आहे. क्षितिजावरील सूर्याचे किरण माथ्यावरील सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट अधिक हवेतून येतात. हवेचे रेणू 450 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण 650 नॅनोमीटरच्या तांबड्याच्या चौपटीहून अधिक करतात. म्हणून वाटेत निळा विखुरतो आणि तांबडा शिल्लक राहतो. त्याच वेळी वातावरण किरणांना वाकवून सूर्यबिंब सुमारे 34 कला वर उचलून दाखवते. बिंबाचा व्यास सुमारे 32 कला असतो. अर्थात, बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा संपूर्ण सूर्य भूमितीच्या दृष्टीने क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जात असल्याने बिंब चपटे दिसते.

आता नेत्राकडे वळू. नेत्रात शिरणारा प्रकाश एकवटण्याचे सुमारे दोन-तृतीयांश कार्य पारपटल करते, तर उरलेले कार्य आकार बदलू शकणारे भिंग करते. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. सुमारे 60 लाख शंक्वाकार पेशी उजेडात रंग ओळखतात. सुमारे 12 कोटी दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात कार्य करतात, परंतु त्यांना रंगभेद कळत नाही.

संधिप्रकाशात एका गटाचे कार्य दुसऱ्याकडे जाते. शंक्वाकार पेशींच्या दृष्टीला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा, तर दंडाकार पेशींच्या दृष्टीला 507 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक तेजस्वी भासतो. त्यामुळे सांजवेळी होडीवरील तांबडे निशाण काळवंडते आणि नारळी-पोफळीची हिरवाई तुलनेने उजळ राहते. 1819 मध्ये यान पुर्किन्ये यांनी याची नोंद केली. दंडाकार पेशी पूर्ण संवेदनशील होण्यास अर्धा तास वा अधिक काळ लागतो, कारण त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य हळूहळू पुन्हा तयार होते. त्यासाठी अ जीवनसत्त्व आवश्यक असते आणि त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. कोकण किनाऱ्यावर काही वेळा लाटा निळसर चमकतात, त्या नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवामुळे. लाटेने ढवळला जाताच तो लख्ख उजळतो आणि त्याच्या निळ्या प्रकाशाला दंडाकार पेशी चांगला प्रतिसाद देतात.

या ज्ञानाचे उपयोग प्रत्यक्ष आहेत. रात्री मंद तांबडा दिवा वापरल्यास अंधाराला सरावलेली दृष्टी टिकते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत दंडाकार पेशी नसल्याने क्षीण तारा किंचित बाजूला पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतो. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असते; उंची वाढली की ते दूर सरकते. म्हणूनच खांदेरी बेटावर 1867 मध्ये उभारलेल्या आणि आता कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या दीपगृहाचा दिवा उंचावर ठेवलेला आहे. रामन यांचे निरीक्षण तर आजही सहज पडताळता येते. ध्रुवीकारक काचांचा चष्मा लावून पाण्याकडे तिरके पाहावे आणि मान कलती करावी. पृष्ठभागाची चकाकी कमी-अधिक होते आणि पाण्याच्या आतून येणारा प्रकाश वेगळा ओळखता येतो. सहलीला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रयोग करण्याची संधी मिळावी.