न सापडणाऱ्या लघुग्रहांचा हिशेब

पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा शोध घेण्यासाठी अमेरिकेची नासा ही संस्था ‘निओ सर्वेयर’ ही ५० सेंटिमीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण उभारत असून, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल-१ बिंदूच्या परिसरातून ती आकाश न्याहाळणार आहे. तिने कोठे, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने पाहावे हे मात्र एका संगणकीय सिम्युलेशनवर आधी पारखले जाते. त्यात कल्पित लघुग्रहांची अख्खी वस्ती कक्षांमध्ये सोडून प्रत्येकाची अवरक्त खूण, म्हणजे त्याच्या तापलेल्या पृष्ठभागावरून दुर्बिणीपर्यंत पोहोचणाऱ्या उष्णतेच्या प्रारणाचे प्रमाण, गणिताने काढले जाते.

हा खटाटोप दृश्य प्रकाशाच्या एका खोडीमुळे करावा लागतो. लघुग्रह किती तेजस्वी दिसतो हे त्याच्या आकाराइतकेच त्याच्या परावर्तनक्षमतेवर, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग तो परत फेकतो यावर अवलंबून असते. २२ ही निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक प्रमाण अंतरावर धरलेल्या तेजाचा अंक, असलेला लघुग्रह १४ टक्के प्रकाश परावर्तित करत असेल तर त्याचा व्यास सुमारे १४० मीटर भरतो. पण तो ३ टक्केच परावर्तित करणारा काळाकुट्ट असेल तर तीनशे मीटरांहून थोडा मोठा, आणि ४० टक्के परावर्तित करणारा असेल तर जेमतेम ८४ मीटरांचा ठरतो. आघाताची ऊर्जा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, घनता आणि वेग सारखे धरले तरी या दोन टोकांत जवळजवळ पन्नासपटींचा फरक पडतो. अवरक्तात ही अडचण बरीच कमी होते, कारण काळा पृष्ठभाग जो प्रकाश परत फेकत नाही तो शोषून तापतो आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो.

पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्य जेथे थेट डोक्यावर असतो, तेथे काळ्या लघुग्रहाचे तापमान सुमारे ४०० केल्विनपर्यंत जाते व त्याचे प्रारण ७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. निओ सर्वेयरचा ६ ते १० मायक्रॉनचा पट्टा त्यामुळेच महत्त्वाचा, तर ४ ते ५.२ मायक्रॉनचा दुसरा पट्टा ताऱ्यांच्या संदर्भाने स्थान निश्चित करण्यास आणि दोन्ही मोजमापांच्या गुणोत्तरातून तापमान काढण्यास उपयोगी पडतो. उरलेल्या पृष्ठभागाचे तापमान मात्र नियमात सहज बसत नाही. सेरेस आणि पॅलस या मोठ्या लघुग्रहांवर बेतलेले १९८६ चे प्रमाण प्रतिरूप लहान, वेगाने फिरणाऱ्या आणि बाजूने उजळलेल्या पिंडांना लागू पडेना, तेव्हा ॲलन हॅरिस यांनी १९९८ मध्ये पृथ्वीनिकट लघुग्रहांसाठी वेगळे प्रतिरूप मांडले. त्यात पृष्ठभागाचा खडबडीतपणा, परिवलन आणि तापीय जडत्व, म्हणजे तापण्या-निवण्यातील दिरंगाई, या सर्वांचा परिणाम एकाच सुटत्या गुणकात कोंबलेला आहे. हा गुणक म्हणजे उघडउघड तडजोड आहे. तरीही पिंडाचा आकार आणि अक्ष ठाऊक नसताना अधिक तपशीलवार प्रतिरूप वापरणे म्हणजे अज्ञानाला दशांशांची झूल चढवणे ठरेल.

यानंतर सर्वेक्षण सुरू होते, अर्थात कागदावर. सूर्यापासून ४५ ते १२० अंशांच्या कोनातील आकाशपट्टीत प्रत्येक कल्पित पिंडाचे प्रारण सौरमालेतील धुळीच्या उबदार पार्श्वभूमीवर उठून दिसते का, आणि एका मागोमाग घेतलेल्या चार चित्रांत ते सापडून कक्षा जुळते का, हे तपासले जाते. सूर्याकडे जितके सरकावे तितका त्या धुळीचा उजेड वाढतो. पण २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरांचा पिंड त्याच बाजूने आला होता, म्हणून ती दिशा सोडताही येत नाही. १४० मीटरांहून मोठ्या लघुग्रहांपैकी दोन-तृतीयांश पाच वर्षांत शोधण्याचे उद्दिष्ट अशा गणितातूनच तपासले जाते, कारण किती सापडले हे यादी सांगते, पण किती सुटले हे प्रतिरूपाखेरीज कळण्याचा मार्ग नाही.

उष्णतेवरून काढलेला निष्कर्ष कोठे घसरतो, हे बेन्नू या लघुग्रहाने दाखवले. त्याच्या तापीय जडत्वावरून पृष्ठभाग सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान कणांनी झाकलेला असावा असे मानले गेले आणि ओसायरिस-रेक्स यानाच्या नमुना-संकलनासाठी ५० मीटर व्यासाची मोकळी जागा गृहीत धरली गेली. २०१८ च्या अखेरीस यान तेथे पोहोचले तेव्हा सर्वत्र मोठमोठे धोंडे दिसले. ते सच्छिद्र असल्याने उष्णता मंदपणे वाहून नेत होते आणि दुरून बारीक रेतीसारखे वाटत होते. अखेर २०२० मध्ये केवळ सुमारे १६ मीटर रुंद जागेवर उतरावे लागले, आणि त्यासाठी आधी योजलेल्या लेझर-मार्गदर्शनाऐवजी पृष्ठभागावरील खुणा कॅमेऱ्याने ओळखत जाण्याची पद्धत वापरावी लागली.