भ्रमणध्वनीचे रक्षण : अँटिव्हायरस की विवेक?

शिष्यवृत्तीची रक्कम, मजुरीचे पैसे, बचत गटाचा हप्ता हे सारे व्यवहार आता स्मार्टफोनशी जोडले गेले आहेत. फोनचा ताबा परक्याच्या हाती गेला, तर वर्षभराची कमाई क्षणात जाऊ शकते. म्हणूनच पालकसभेत आम्हां शिक्षकांना वारंवार विचारले जाते : फोनमध्ये अँटिव्हायरस घ्यावा काय?

अँटिव्हायरसची सवय आपल्याला संगणकाने लावली. तेथे एका पेनड्राइव्हमधून आलेला विषाणू साऱ्या फाइलींत पसरू शकत असे. स्मार्टफोनची रचना निराळी आहे. येथे प्रत्येक ॲप जणू स्वतंत्र बंद खोलीत चालते. दुसऱ्या खोलीतील माहिती त्याला परवानगीवाचून वाचता येत नाही. अँटिव्हायरसही अशाच एका खोलीत राहतो, त्यामुळे त्याची नजर मर्यादित असते. शिवाय प्ले स्टोअर असलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये २०१७ पासून 'प्ले प्रोटेक्ट' ही तपासणी अंगभूत आहे.

रक्षणाच्या नावाखाली फसवणूकही झाली आहे. २०१४ मध्ये 'व्हायरस शील्ड' नावाचे ॲप सुमारे चार डॉलरना दहा हजारांहून अधिक लोकांनी विकत घेतले. पडद्यावरील चिन्ह बदलण्यापलीकडे ते काहीच करीत नव्हते. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' या संस्थेने अँड्रॉइडची २५० संरक्षक ॲप्स तपासली. त्यांपैकी केवळ ८० ॲप्सना ३० टक्क्यांहून अधिक घातक ॲप्स ओळखता आली.

मग चोर शिरतो कोठून? बहुधा आपणच दिलेल्या परवानगीतून. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाचे चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल येते. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. 'एपीके' म्हणजे ॲपच. ते उघडले, की संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली, की बँकेचा ओटीपी चोरापर्यंत पोहोचतो.

यास्तव काही नियम पाळावेत. ॲप केवळ प्ले स्टोअर वा ॲप स्टोअरवरूनच घ्यावे. तेथेही निर्मात्याचे नाव पाहावे, कारण 'जोकर' प्रकारची लबाड ॲप्स प्ले स्टोअरवरही सापडली आहेत. विजेरीच्या ॲपला संदेश वा संपर्कयादी कशासाठी हवी, हा प्रश्न स्वतःला विचारावा. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी अनोळखी ॲपला कदापि देऊ नये. तिच्यामुळे पडदा वाचता येतो आणि बटणेही दाबता येतात. फोनचे सुरक्षा अपडेट टाळू नये. हे पाळणाऱ्या बहुतेकांना वेगळ्या अँटिव्हायरसची गरज भासत नाही. कोणास हवाच असेल, तर तो नामांकित कंपनीचा असावा. मात्र त्याच्या भरवशावर हे नियम सोडू नयेत.

फसवणूक झालीच, तर फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा क्षीण.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. सुटीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या फोनची सेटिंग्ज उघडा आणि 'अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा' ही मुभा व्हॉट्सॲप व ब्राउझर यांच्यासाठी बंद आहे ना, ते पाहा. ती का बंद केली, हेही त्यांना समजावून सांगा.