जहाज दुसऱ्याचं, बेस तुमचा: दहा सेंटिमीटरच्या पट्टीचा पूर्ण हिशोब



"सर, मोठ्या कंपन्या सगळं बनवतात. आपल्याला काय उरलं?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतोच. आज त्याचं उत्तर दहा सेंटिमीटरच्या एका पट्टीत शोधू. व्हिडिओत हिशोब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

ब्रिटन-अमेरिकेत टेबलावर चिमुकल्या युद्धनौका मांडून सागरी लढाया खेळण्याचा जुना छंद आहे. फ्रेड जेन यांनी १८९८ च्या सुमारास असाच एक खेळ तयार केला होता. जगभरच्या युद्धनौकांची माहिती देणारं 'जेन्स' हे प्रसिद्ध वार्षिक त्यांनीच सुरू केलं.

या नौका बहुतेक मऊ धातूच्या असतात. थेट जहाजाला धरून सरकवलं की डोलकाठी वाकते, रंग निघतो. म्हणून जहाज एका चपट्या पट्टीवर चिकटवतात. त्यालाच बेस म्हणतात. बोट लागतं ते बेसला. कडेवर जहाजाचं नाव लिहिता येतं, वर निळा रंग देऊन समुद्र करता येतो. अमेरिकेतली लिटको ही कंपनी अशाच बेस आणि टोकनसाठी ओळखली जाते. म्हणजे बघा, मुख्य वस्तू दुसऱ्याची असली तरी तिच्यासोबत लागणारी वस्तू हासुद्धा धंदा असतो.

पहिला धडा: गिऱ्हाईकाचं माप विचारा

जपानची 'यामातो' ही युद्धनौका २६३ मीटर लांब होती. ब्रिटनची नॅव्हवॉर कंपनी १:३००० प्रमाणात जहाजं बनवते. त्यात यामातो भरते साधारण ८८ मिमी. अमेरिकेच्या जीएचक्यूचं प्रमाण १:२४००. त्यात तीच यामातो ११० मिमी होते. आता तुम्ही १०० मिमीचे बेस कापून ठेवलेत, तर पहिलं जहाज छान बसेल आणि दुसऱ्याचं नाक बाहेर येईल. जहाज तेच, पण अर्धा माल पडून! म्हणून आधी माप, मग माल.

दुसरा धडा: कागदावरचे नग आणि हातातले नग

समजा, ३०० × ६०० मिमीची एमडीएफ शीट घेतली आणि १०० × ३० मिमीचे बेस कापायचे आहेत. क्षेत्रफळाने भागलं तर ६० नग येतात. पण दोन नगांत ३ मिमी अंतर सोडून सरळ ओळीत मांडा. लांबीत ५, रुंदीत ९. हाती येतात ४५!

शीट आणि कटिंग मिळून ४५० रुपये धरू. (हा आकडा उदाहरणासाठी आहे, तुमच्या गावचा दर विचारून घ्या.) कागदावर नग पडला साडेसात रुपयांना, प्रत्यक्षात पडला दहाला. दहाच्या पाकिटामागे २५ रुपयांचा फरक. तुम्ही पाकिटावर २० रुपये नफा धरला असेल, तर प्रत्येक ऑर्डरला पाच रुपये खिशातून जाणार. ऑर्डर वाढली की तोटाही वाढणार. शीटची जी पट्टी उरते, तिच्यात छोट्या विनाशिकांचे बेस काढा.

आता मजुरी. लेझरने जळालेली कड पुसायची, पॉलिश पेपर मारायचा, मोजून पाकीट भरायचं. नगाला दोन मिनिटं धरली तरी ४५ नगांना दीड तास. तो दीड तास तुमचा असो की घरच्यांचा, त्याचे पैसे लावा. "घरचंच आहे" म्हणून सोडलेली मजुरीच धंदा बुडवते.

तिसरा धडा: आधी नमुना, मशीन नंतर

लेझर मशीनसाठी कर्ज काढायला धावू नका. नेमप्लेट, ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे जॉबवर्क करून घ्या. एमडीएफ पाण्याने फुगतो, म्हणून नमुन्याला आधी सीलर लावून, रंगवून बघा. पीव्हीसी शीट मात्र लेझरखाली देऊ नका, विषारी वायू निघतो. वीस नमुने करा, खेळणाऱ्यांच्या हातात द्या, तक्रारी लिहून घ्या. पुन्हा ऑर्डर आली, की मग मशीनचा विचार.

आजचा गृहपाठ: तुमच्या आसपास लोक मोठी वस्तू विकत घेतात आणि तिच्यासाठी छोटी वस्तू शोधत फिरतात, अशी एक जोडी शोधा. तिचं माप, हातात येणारे नग आणि मजुरी एका पानावर मांडा. ते पान पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही गुंतवू नका.

भेटू पुढच्या भागात!