मानेतील रोहिणी आणि अर्धांगवायू

बेंगळूरच्या पूर्वेस मारतहळ्ळी आहे. जुना विमानतळ मार्ग व बाह्य वर्तुळमार्ग तेथे एकमेकांस छेदतात. या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आपणांस आढळतील. मुलगा-सून कामावर आणि घरी वृद्ध आईवडील, असा त्यांतील कित्येकांचा दिनक्रम. अशा घरी एखाद्या सकाळी आजोबांच्या हातून पेला निसटतो, जीभ अडखळते आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. “हात अंगाखाली आला असेल,” असे म्हणून गोष्ट तेथेच सोडून दिली जाते. ती सोडू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन मोठ्या रोहिणी मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. जबड्याखाली प्रत्येकीस दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. नेमक्या या जागी वयोमानाने, तसेच रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे मेदाचा थर साचून मार्ग अरुंद होतो. थरावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा कण सुटून वर जातो. तो मेंदूत अडकला तर शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. डोळ्याच्या रोहिणीत शिरला तर त्याच बाजूच्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होते. कण विरघळला की त्रास ओसरतो. थर मात्र जागच्या जागी राहतो.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ६६ वर्षांच्या एका गृहिणीस असे ३३ झटके येऊन गेले होते! १९ मे १९५४ रोजी डॉ. ईस्टकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे शरीर बर्फाने थंड करून रोहिणीचा रोगट भाग काढला व टोके पुन्हा जोडली. झटके थांबले. आदल्याच वर्षी ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी यांनी रोहिणी उघडून आतील थर सोलून काढला होता. थर काढण्याची ही शस्त्रक्रिया आजही केली जाते.

तिचा लाभ कोणास? झटका येऊन गेलेला आहे आणि रोहिणी ७० टक्के वा अधिक अरुंद झाली आहे, अशा रुग्णांची उत्तर अमेरिकेत पाहणी झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार केवळ औषधांवर असलेल्या शंभरांपैकी २६ जणांस दोन वर्षांत त्याच बाजूचा आघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ जणांस. शस्त्रक्रियेतही आघाताचा धोका असतो, म्हणून ती सरसकट करीत नाहीत. मार्ग जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवूनही रुंद करता येतो. सत्तरीपुढील रुग्णांस मात्र बहुधा शस्त्रक्रियाच अधिक सुरक्षित ठरते. उपाय पहिल्या दोन आठवड्यांत व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात.

म्हणून झटका ओसरला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मानेची डॉपलर तपासणी ध्वनिलहरींनी होते, सुई टोचावी लागत नाही. कर्नाटकात या विकारास ‘पार्श्ववायु’ म्हणतात, हा शब्द ध्यानी ठेवावा. शस्त्रक्रियेनंतरही रक्त पातळ राखणारी व मेद उतरविणारी औषधे चालू ठेवावी लागतात. आजीबाईंची मिस्रीही सुटावयास हवी; ते काम डॉक्टरांपेक्षा सूनबाईंस कठीण जाते!