घरचा जनरेटर : धूर आत नको, वीज बाहेर नको

नागपूरचा उन्हाळा काय असतो, हे वाचकांना सांगावयास नको. २३ मे २०१३ रोजी येथील पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत वादळाने तार तुटली आणि रात्रभर वीज आली नाही, तर घरातील म्हातारी माणसे, लहान मुले आणि आजारी व्यक्ती यांचे फार हाल होतात. म्हणून पूर्वी दुकानापुढे दिसणारा छोटा जनरेटर आता काही घरांतही आला आहे. सोय चांगली आहे. परंतु तो कोठे ठेवावा आणि घराच्या वायरिंगला कसा जोडावा, याचा विचार बहुधा वीज गेल्यावर, अंधारात आणि घाईने केला जातो. हा विषय केवळ वायरमनचा नाही, आरोग्याचाही आहे.

चंद्रपूरची घटना

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरनजीकच्या दुर्गापूर येथे रात्री वीज गेली म्हणून एका घरात जनरेटर सुरू करण्यात आला. जनरेटर घराच्या आतच होता. त्याच्या धुराने गुदमरून एकाच कुटुंबातील सहा जणांचा मृत्यू झाला. हे कसे घडते, ते प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेते. पण या वायूशी ते प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडले जाते. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळून जातात. ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्याने लक्षात येत नाहीत. झोपलेल्या माणसाला तर तीही जाणवत नाहीत. लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांना धोका अधिक.

‘खिडकी उघडी ठेवली आहे, मग काय होते?’ असे अनेकजण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. खोली, व्हरांडा, जिन्याखालची जागा, बंद पोर्च यांपैकी कोठेही जनरेटर चालवू नये. तो मोकळ्या जागेत, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर असावा आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला असावे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे कूलर. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो. त्याच्या मागे जनरेटर ठेवला, तर धूरही तो आतच ओढणार. ओल्या ताट्यांतून हा वायू गाळला जात नाही. शेजाऱ्यांच्या कूलरचाही विचार करावा.

उलटी जाणारी वीज

दुसरा धोका तारांमधला आहे. काही घरांत दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर तयार करतात. एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटला. घरभर दिवे लागतात, पण वीज घरापुरती राहत नाही. मेन स्विच चालू राहिला, तर ती मीटरमधून खांबावरच्या तारांत जाते. तेथून ती डीपीपर्यंत पोहोचली, तर रोहित्र उलटे काम करते आणि २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊ शकतात. लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनला त्याचा प्राणघातक धक्का बसू शकतो. शिवाय त्या वायरची एक पिन निघाली, तर तिचे उघडे टोक घरातल्याच माणसाचा जीव घेते. बाहेरची वीज अचानक आली, तर जनरेटर जळून आग लागण्याचेही भय असते.

‘आम्ही मेन स्विच आठवणीने पाडतो,’ हा यावर उपाय नव्हे. आठवण एखाद्या रात्री राहणारच नाही. उपाय आहे चेंजओव्हर स्विच. याचा खटका एका बाजूला असला तर बाहेरची वीज, दुसऱ्या बाजूला असला तर जनरेटरची, आणि मध्ये असला तर दोन्ही बंद. दोन्ही एकाच वेळी जोडली जाणे शक्यच नसते. त्यातून फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा बदलल्या गेल्या पाहिजेत. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. जनरेटरच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावे. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा व जनरेटर चालू असतानाही तो काम करतो ना, हे ठेकेदाराकडून तपासून घ्यावे.

त्रास झाल्यास

जनरेटर चालू असताना घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर ऊन लागले असे समजून पडून राहू नये. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे, बाहेरूनच जनरेटर बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोविडच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो. विषबाधा झालेली असतानाही तो ९८-९९ आकडा दाखवू शकतो. डॉक्टरांना ‘घरी जनरेटर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. रुग्णाला मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास विषारी वायू रक्तातून बराच लवकर बाहेर पडतो.

घरात कोणाला विजेचा धक्का बसला, तर त्याला हात लावण्यापूर्वी जनरेटर आणि मेन स्विच दोन्ही बंद करावेत. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

पावसाळ्यापूर्वी आपण छप्पर आणि नाल्या पाहून घेतो. त्याच सुमारास एकदा दिवसाउजेडी जनरेटरची जागा आणि जोडणीही पाहून घ्यावी. वीज गेल्यावर या गोष्टी सुचत नाहीत.