नायसिनामाइड: डाग जातो, रंग जात नाही



लग्नसराई तोंडावर आली की वस्तीतल्या मेडिकलवर आणि ब्युटी पार्लरमध्ये एकच मागणी सुरू होते, “चेहरा उजळेल असं काहीतरी द्या.” कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, कुणाच्या मुलाची मुलाखत असते, तर कुणाच्या गालावर बाळंतपणानंतर वांगाचे डाग आलेले असतात. चार घरची धुणीभांडी करणारी आपली ताई आठवड्याच्या भाजीचे पैसे एका छोट्या ट्यूबवर घालते. त्या ट्यूबमध्ये काय भरले आहे, हे मात्र कुणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही.

सध्या मोबाइलवरच्या जाहिरातींतून ‘नायसिनामाइड’ हे नाव घरोघरी पोचले आहे. महिला मंडळाच्या बैठकीत मुली विचारतात, “मॅडम, हे जीवनसत्त्व आहे म्हणतात. लावलेलं चांगलं का?” उत्तर सरळ आहे. चांगले आहे, पण त्याचे जे काम आहे तेवढ्यापुरतेच. ते काम कोणते, हे कळले की पैसेही वाचतील आणि कातडीही वाचेल.

गरिबांच्या आजारातून सापडलेले जीवनसत्त्व

नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्यालाच निकोटिनामाइड असेही म्हणतात. नाव तंबाखूतल्या निकोटिनसारखे वाटते, पण त्याचा व्यसनाशी काही संबंध नाही.

या जीवनसत्त्वाची गोष्ट आपण सर्वांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘पेलाग्रा’ नावाचा आजार पसरला होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत व्हायची, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा उमटायचा, जुलाब लागायचे, माणूस भ्रमिष्ट व्हायचा आणि शेवटी दगावायचा. गिरणी कामगार, शेतमजूर, काळे लोक, अनाथाश्रमातली मुले यांनाच तो जास्त व्हायचा. मोठमोठे डॉक्टर म्हणत, हा संसर्ग आहे. काही जण तर म्हणत, या लोकांचे रक्तच खराब आहे.

सरकारी आरोग्य खात्यातले डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून या आजाराचा माग काढला. अनाथाश्रमात आणि मनोरुग्णालयात राहणाऱ्यांना हा आजार होतो, पण तिथेच काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरले. संसर्ग असता तर तो माणूस पाहून थांबला नसता. फरक ताटात होता. मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गी कडधान्ये दिल्यावर आजार हटला. पुढे १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहजेम यांनी या आजारावरचा नेमका घटक शोधला. तोच आपला ब-३.

आपल्याकडेही दख्खनच्या पठारावर, जिथे गरीब मजुराच्या ताटात ज्वारीच्या भाकरीशिवाय फारसे काही नसे, तिथे हा आजार दिसत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोठे काम केले. याचा अर्थ ज्वारी वाईट असा नाही. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, अंडी, मासे असतील तर ज्वारी उत्तमच. नुसत्या भाकरीवर माणसाला जगावे लागणे, हे वाईट.

ज्या आजाराचे खापर गरिबाच्या रक्तावर फोडले गेले, तो रिकाम्या ताटाचा आजार निघाला. ‘तुमच्या रक्तातच खोट आहे’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

कातडीवर लावल्यावर काय होते?

पोटातून लागणारे हे जीवनसत्त्व क्रीम किंवा जेलमधून वरून लावले तर त्याचे वेगळे फायदे मिळतात, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले.

पहिला फायदा, डाग फिके होतात. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या रंगाचे बारीक कण तयार करून वरच्या पेशींकडे पाठवतात. नायसिनामाइड रंग तयार करण्याचा कारखाना बंद करत नाही, फक्त मालाची वाहतूक कमी करतो. त्यामुळे मुरुमांनंतर राहिलेले काळे डाग, उन्हाने पडलेले चट्टे आणि वांगाचे डाग हळूहळू फिके पडतात. मेक्सिकोत वांग असलेल्या २७ स्त्रियांवर ८ आठवडे एक चाचणी झाली. चेहऱ्याच्या एका बाजूला ४ टक्के नायसिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन हे डाग घालवण्याचे नेहमीचे औषध लावले. चांगला गुण आला तो नायसिनामाइडने ४४ टक्के आणि हायड्रोक्विनोनने ५५ टक्के जणींना. म्हणजे गुण थोडा कमी, पण जळजळ-लाली असा त्रासही कमी.

दुसरा फायदा मुरुमांवर. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ टक्क्यांचे जेल हे १ टक्का क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलच्या तोडीस तोड ठरले. प्रतिजैविक फार वापरले की जंतू त्याला दाद देईनासे होतात. नायसिनामाइडमध्ये तो धोका नाही.

तिसरा फायदा आपल्या कष्टकरी भगिनींच्या जास्त कामाचा आहे. साबण, सोडा, फिनाइल यांत दिवसभर हात बुडाले की कातडीतला नैसर्गिक तेलकट थर धुऊन जातो. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, चरचरतात. नायसिनामाइड हा थर पुन्हा बांधायला कातडीला मदत करते. मात्र भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल तर आधी दवाखाना, मग क्रीम.

काय होत नाही?

जन्मजात रंग बदलत नाही. क्रीम बंद केली की रंगकणांची वाहतूक पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या घटकांत हेच नायसिनामाइड होते. डाग फिके करणाऱ्या साध्या जीवनसत्त्वाला ‘गोरेपणा’चे नाव देऊन आपल्या आया-बहिणींना ते वर्षानुवर्षे विकले गेले. २०२० मध्ये क्रीमचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, पण आपल्या डोक्यातली गोरेपणाची हाव तशीच आहे.

नायसिनामाइड हे गजकर्ण, खरूज किंवा कोड यांचे औषध नाही. आणि चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल, गरम-थंड समजत नसेल, तर कोणतीही क्रीम न लावता सरळ सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

खरा धोका कशात आहे?

“आठ दिवसांत फरक” असे कुणी सांगितले तर तिथूनच मागे फिरा. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर-हनुवटीवर लव वाढते, मुरूम उसळतात, उन्हात गेले की आग होते. क्रीम बंद केली की त्रास दुप्पट, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. हे व्यसनासारखेच आहे. गजकर्णावर असले मलम लावले तर खाज थांबते, पण गजकर्ण अंगभर पसरते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती काउंटरवर सर्रास मिळतात. आणि पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत मिळणाऱ्या ‘फॉर्म्युला क्रीम’मध्ये तर पाराही असू शकतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण डॉक्टरांना आढळले. रंग उजळवायला गेलेल्या माणसाला मूत्रपिंडाच्या दारात उभे करणारी ही वस्तू आहे.

डबी वाचायला शिका

घटकांची नावे इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या.

• नायसिनामाइड किंवा निकोटिनामाइड हे नाव असावे. प्रमाण २ ते ५ टक्के पुरे. १० टक्क्यांचे महागडे सीरम घेतल्याने गुण दुप्पट येत नाही, उलट चरचरू शकते.

• बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. अशा ट्यूबवर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण असते.

• कंपनीचा पत्ता, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख नसलेली डबी फुकट मिळाली तरी नको.

कसे लावावे?

आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा. खाज, लाली नसेल तर रात्री चेहरा साध्या पाण्याने धुऊन हरभऱ्याएवढे क्रीम लावा. सुरुवातीला एक दिवसाआड, मग रोज. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. घाई नको. गरोदरपणात वरून लावायला ते सुरक्षित समजले जाते, तरी तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा.

उन्हापासून बचाव केला नाही तर एका हाताने पुसायचे आणि दुसऱ्या हाताने डाग पाडायचे, असे होईल. नाक्यावर, बांधकामावर, झाडूकामावर जाणाऱ्यांनी पदर, ओढणी, टोपी वापरावी. परवडत असेल तर एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळू नये.

ब-३ च्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. मोठ्या मात्रेने यकृताला इजा होते. त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे खा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम ब-३ असते आणि आपली दिवसाची गरज साधारण तेवढीच आहे. मासे, चिकन, कलेजी यांतूनही ते भरपूर मिळते.

आणि जे कुणी महिनोन्‌महिने स्टेरॉइडची ट्यूब लावत आहेत, त्यांनी लाजून घरात बसू नये. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ती ट्यूब सोबत घेऊन जावे. ती कशी सोडवायची ते डॉक्टर सांगतील. दोष वापरणारीचा नाही, न सांगता विकणाऱ्याचा आहे.

रंगाचा प्रश्न

रंगावरून माणसाची प्रत ठरवणे हे जातीवरून ठरवण्याचेच भावंड आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात शास्त्रज्ञांनी घेतलेली शरीराची मोजमापे मांडून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत. वंशच वेगळा नाही तर रंगाचा उच्च-नीचपणा आला कुठून? तरीही मंगल परिणयाच्या बोलणीत ‘मुलगी सावळी आहे’ हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते, आणि तिथूनच ती मुलगी ट्यूबकडे वळते. हे वाक्य बंद करणे वडीलधाऱ्यांच्या हातात आहे.

डाग हा त्रास आहे, त्यावर उपाय जरूर करा. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर न विसंबता पारखून घ्यायला शिकवले. ते इथेही लागू करू या. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की प्रत्येकीने घरातली क्रीमची ट्यूब सोबत आणावी. शिकलेल्या मुलींनी घटक मोठ्याने वाचून दाखवावेत. कोणती ठेवायची आणि कोणती दवाखान्यात दाखवायची, ते तिथेच एकमेकींच्या साक्षीने ठरेल.

जयभीम!